एमएससाठी एलओआर (शिफारसपत्र) एचओडींकडून (विभागप्रमुखांकडून) घेऊ की प्रोजेक्ट गाइडकडून?

प्रोजेक्ट गाइडकडून घे, फार विचार नको करू. एचओडी सरांनी एकही विषय शिकवला नाही असं तूच लिहिलंयस, मग ते लिहिणार तरी काय, हुशार आहे, कष्टाळू आहे, बास. आणि अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटींच्या बऱ्याच अर्जाच्या पोर्टलवर नुसतं लेटर नसतं, सोबत तक्ता पण भरायचा असतो, हा मुलगा वरच्या ५ टक्क्यांत बसतो का १० का २५, मग ओळखत नसलेला माणूस सगळीकडे एकच टिक मारून मोकळा होतो.

मी हीच माती खाल्लेली म्हणून सांगतोय. मेकॅनिकलला होतो, एमएसला बहुतेक ठिकाणी तीन लेटरं लागतात, तर मी हुद्दे बघून तीन सर धरले आणि तिघंही म्हणाले ड्राफ्ट तूच लिहून आण. आपल्याकडे हे सर्रास चालतं, त्यांना तरी काय दोष देणार, इथली अ‍ॅडमिशन सीईटी नि जेईईवर होते, शिफारसपत्र लिहायची सवय लागणार कुठून. मग एका रात्रीत तिन्ही मीच पाडली, तिन्हीत 'क्विक लर्नर', शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं की लिहिणारा एकच आहे.

शेवटच्या दोन युनिव्हर्सिटींना मात्र एक नाव बदलून गाइड मॅडमचं टाकलं. कॉन्ट्रॅक्टवर होत्या, नावापुढे पीएचडी पण नव्हती. ड्राफ्ट नकोच म्हणाल्या. "हीट एक्स्चेंजरचं थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) चुकीचं दाखवतंय हे तू स्वतःहून येऊन सांगितलंस आणि दोन आठवड्यांची रीडिंग फेकून परत घेतलीस ना, तेच लिहिते." मी तर हे विसरलोही होतो! लेटर आजपर्यंत वाचलेलं नाही कारण वेव्हरवर टिक केलेली. (तू पण कर. १९७४च्या फर्पा कायद्याने तिथे शिकायला लागल्यावर विद्यार्थ्याला आपली लेटरं बघायचा हक्क मिळतो, तो वेव्हरवर टिक करून सोडला की सर मोकळेपणाने लिहितात असं धरतात.) त्या दोनपैकी एका ठिकाणी झालं, लेटरमुळेच झालं असं नाही म्हणत, पण बाकी पाच ठिकाणी नाही झालं हेही खरं.

सरांनी ड्राफ्ट मागितलाच तर पानभर मुद्दे दे, काय बिघडलं, तू काय केलंस, तारखांसकट, वाक्यं त्यांची त्यांना लिहू दे.

आणि लेटर अपलोड करायची लिंक सरांच्या ईमेलवर जाते, ती हमखास स्पॅममध्ये पडते, तेव्हा पाठवल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅप करून विचार. डेडलाइन १५ डिसेंबर रात्री ११:५९ ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ) असेल, म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०:२९, पण सरांना १ डिसेंबरच सांग. गाइडकडे कॉलेजचा ईमेल आयडी आहे का बघून घे आधी, काही ठिकाणी जीमेल चालत नाही. माझ्या मॅडमना तो आयडी काढून मिळायलाच आठ दिवस गेले होते.