पेनड्राइव्ह नव्हता तो

प्रश्न : ताई, मुलगा नववीत आहे. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, हे सातपूरला कंपनीत शिफ्टला असतात. गेल्या आठवड्यात दप्तर धुवायला काढलं तर कंपासपेटीत पेनड्राइव्हसारखं काहीतरी मिळालं. आंब्याचा गोडसर वास. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, काकू, हा व्हेप आहे, म्हणजे ई-सिगारेट. तेव्हापासून झोप नाही. ह्यांना सांगितलेलं नाही. कळलं तर पोराला सोलून काढतील. शाळेतून काढून निफाडला माझ्या भावाकडे ठेवू का? एमडी ड्रग्जच्या बातम्या वाचून हातपाय गळतात.
– एक आई, सिडको

उत्तर : निफाडला पाठवू नका. आधी एवढं सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

तुमचं पत्र वाचलं आणि माझा एक विद्यार्थी आठवला. तेव्हा मी विज्ञान शिकवायचे. समुपदेशन नंतर शिकले. आठवीतला मुलगा, रुमालाला थिनरचा वास, नशेसाठी हुंगायचा. मी रुमाल काढून घेतला आणि वडिलांना बोलावलं. त्यांनी स्टाफरूमच्या दारातच त्याच्या कानाखाली काढल्या. मी मध्ये पडले नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही. चार महिन्यांनी द्वारकेला उड्डाणपुलाखाली दिसला, मुठीत तसाच रुमाल. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. वर्गात होता तोवर त्याला हटकणारी दहा माणसं होती. ती आम्हीच काढून घेतली.

एमडीची भीती खोटी नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच पकडला गेला. पण व्हेप म्हणजे एमडी नव्हे. त्यात बहुतेक वेळा निकोटीन असतं. 2019 पासून त्याच्या विक्रीवर देशभर बंदी आहे, त्यामुळे चोरून येणाऱ्या मालात नेमकं काय भरलंय हे तपासणारं कुणी नाही, आणि काळजी करायची ती याची. या वयात मेंदू अजून घडत असतो, म्हणून निकोटीनची सवयही मोठ्या माणसापेक्षा लवकर जडते.

मुलाला समोर बसवून विचारू नका. रविवारी सकाळी स्कूटीवर सोमेश्वरला न्या, चालता चालता बोला. ‘हे मला दप्तरात सापडलं, मी घाबरलेय,’ एवढंच म्हणा आणि थांबा. ‘कुणी दिलं?’ हे पहिल्यांदा विचारलंत की मित्राला वाचवायला तो खोटं बोलणार, आणि एकदा खोटं बोलला की तेच पुढे रेटत राहणार. ‘कधी ओढावंसं वाटतं?’ हे विचारा. कुणी सांगतं, गणिताच्या पेपरआधी. कुणी सांगतं, क्लास सुटल्यावर मोठी मुलं आपल्यात उभं राहू देतात म्हणून. पहिल्याला गणितात मदत हवी, दुसऱ्याला संध्याकाळी जायला दुसरी जागा. तो कबड्डी, क्रिकेट काही खेळत असेल तर शिक्षा म्हणून ते मुळीच बंद करू नका.

सोडल्यावर पहिले काही दिवस तो चिडेल, झोप उडेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही. पोरगं उर्मट झालंय असं वाटेल. ते निकोटीन बोलत असतं. दोन-तीन आठवड्यांत उतरतं. नाहीच जमलं तर डॉक्टरांकडे न्या. 14416 ही मानसिक आरोग्याची आणि 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, दोन्ही मोफत.

आणि ह्यांना सांगा. रात्रपाळीहून दारात पाय ठेवताच नको, झोप झाल्यावर, मुलगा घरात नसताना. हात उगारायचा नाही हे आधी दोघांत ठरू द्या. ते स्वतः तंबाखू मळत असतील तर पोरगं त्यावर बोट ठेवणारच. तेव्हा ‘मलाही सुटत नाहीये’ असं त्यांनी खरं सांगून टाकावं.

प्रश्न : नातवाच्या शाळेसमोरची टपरी गणवेशातल्या मुलांना सुटी सिगारेट देते. मुख्याध्यापक म्हणतात, गेटबाहेरचं आमच्याकडे नाही.
– एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, गेटबाहेरचंही आहे. 2003 च्या कायद्यानं शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे, आणि 18 वर्षांखालच्यांना तर कुठेच विकता येत नाही. त्याचा दंड किरकोळ, म्हणून टपरीवाले भीत नाहीत. पण बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 77 तक्रारीत लिहा. मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ दिल्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तारीख, वेळ टिपून ठेवा, पालक-शिक्षक संघाच्या सह्या घ्या आणि पोलीस ठाण्यात पोच घेऊनच अर्ज द्या. टपरीचे फोटो काढा, मुलांचे मात्र नको.