पात्र बनून गोष्ट खेळायच्या खेळातली (रोल-प्लेइंग गेम) वाघ-बिबट्याची पात्रं सगळी एकसारखीच का होतात?

कारण आपण प्रत्येकाला ‘बलवान, चपळ, रागीट’ एवढंच देतो. आधी प्राण्याची जात ठरवा, मग स्वभाव आपोआप येतो.

हिमबिबट्याच घ्या. त्याला डरकाळी फोडता येत नाही. ओळखीच्याला भेटला की नाकातून फुरफुरतो. शेपटी जवळपास अंगाएवढी लांब. कड्यावर तोल सांभाळायला ती लागते, आणि थंडीत झोपताना तीच तोंडाभोवती गुंडाळून घेतो. आता असं पात्र दरबारात उभं करा: आवाज चढवत नाही, बोलताना शेपटी हळूच पायांभोवती ओढून घेतो. भीती वाटलीये हे समोरच्या खेळाडूला न सांगता कळतं. मला हे फार आवडतं.

चित्ता वेगवान, पण एका धावेनंतर धापा टाकतो, तेव्हा त्याला दम खाण्याची एक फेरी द्याच. काळा बिबट्या वेगळी जात नाही. उन्हात त्याचे ठिपके दिसतात, रहस्य उघडं पडायला ती जागा छान.

आणि धर्म हवा असेल तर आपल्या वारली आदिवासींचा वाघोबा आठवा. ते वाघ-बिबट्याला देव मानून पुजतात. तुमच्या जगातली माणसं या पात्राला घाबरतात की नैवेद्य दाखवतात, हे पहिल्याच प्रसंगात ठरवून टाका.