छातीत दुखणे आणि ट्रोपोनिन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले. काटोलमध्ये तासाभरात ट्रोपोनिन तपासले, ते निगेटिव्ह आले; तरीही नागपुरात पुन्हा दोनदा रक्त घेतले. हा खर्च टाळता आला नसता का?

उत्तर : नाही. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींतील प्रथिन असून रक्तपुरवठा तुटल्याने पेशींना इजा झाली, की ते रक्तात उतरते; परंतु जुन्या चाचणीच्या नजरेस पडण्याइतके साचायला त्याला साधारण तीन ते सहा तास लागतात, आणि झटपट निकाल देणाऱ्या कार्ड टेस्टची नजर बहुधा आणखी मंद असते. त्यामुळे तासाभरात आलेल्या निगेटिव्ह अहवालावर विसंबून रुग्णाला घरी नेणे मला धोक्याचे वाटते. अतिसंवेदनशील चाचणीत दुसरा नमुना एक ते तीन तासांनी घेऊन दोन आकड्यांतील फरक पाहतात. प्रत्येक कंपनीच्या चाचणीची मोजपट्टी वेगळी असल्याने काटोलचा आकडा नागपूरच्या आकड्याशी ताडता येत नाही, म्हणून येथे दोनदा रक्त घ्यावे लागले. दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले, हे मात्र तुम्हीच सांगायला हवे. ‘रात्रीपासून’ एवढ्याने आमचा हिशेब जुळत नाही.

प्रश्न : आईला मूत्रपिंडाचा जुना आजार आहे. ट्रोपोनिन वाढलेले असूनही डॉक्टर ‘अटॅक नाही’ म्हणतात. हे कसे?

उत्तर : अशा रुग्णांत ते कायमच थोडे वाढलेले असू शकते, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, फुप्फुसात गुठळी अडकली किंवा हृदयाच्या स्नायूला सूज आली, तरीही ते वाढते. काही तासांत आकडा ठळकपणे चढला वा उतरला आणि जोडीला लक्षणे किंवा ईसीजीतील बदल असले, तरच हृदयविकाराच्या झटक्याचे निदान होते.

प्रश्न : काकांची अँजिओप्लास्टी रक्ताचा अहवाल येण्याआधीच केली. घाई झाली का?

उत्तर : ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत काढायचा असतो. त्यात धमनी पूर्ण बंद झाल्याची खूण स्पष्ट दिसली, तर अहवालाची वाट पाहणे हीच चूक ठरली असती.

प्रश्न : केस गळतात म्हणून मी बायोटिन घेते. त्याचा या चाचणीशी संबंध आहे का?

उत्तर : आहे. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही चाचण्यांत ट्रोपोनिन खोटेच कमी दिसते. तातडीच्या विभागात रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर याचेही नाव सांगावे.