'अपरकेस करणे' मराठीत कसे सांगावे?

प्रश्न असा आला आहे: प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या मराठी मजकुरात 'अपरकेस करणे' याऐवजी 'अक्षरे मोठी करणे' लिहिले तर चालेल का? आणि 'कॅपिटल करणे' म्हणजे तेच ना?

'अक्षरे मोठी करणे' मी तरी लिहिणार नाही. देवनागरीत एका अक्षराची दोन रूपे नसतात, त्यामुळे मराठी वाचकाला 'मोठे अक्षर' म्हणजे आकाराने मोठे. 'शीर्षकाची अक्षरे मोठी करा' म्हटले की कुणीही फॉन्टचा आकार वाढवेल, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. अपरकेसचा, म्हणजे रोमन लिपीतल्या कॅपिटल अक्षरांचा, आकाराशी संबंधच नाही. संगणकाच्या लेखी ते सरळ दुसरे अक्षर असते: आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत लहान 'ए'चा क्रमांक 97, कॅपिटल 'ए'चा 65. 'झेड'पर्यंत प्रत्येक जोडीत फरक 32चाच, म्हणजे बायनरीत एकाच बिटाचा (एका 0 किंवा 1चा).

'मोठी लिपी, लहान लिपी' त्यापेक्षा बरे. लिपी दोन्हीकडे रोमनच, हा आक्षेप खरा आहे, पण शब्द रुळलेला आहे आणि आकाराचा घोळ होत नाही. (अपरकेस हा शब्द छापखान्यातला. खिळे जुळवताना कॅपिटल खिळ्यांची पेटी वरच्या बाजूला ठेवत.)

'कॅपिटल' सगळ्यांना कळतो, म्हणून मी तोच वापरतो. फक्त एकटा सोडायचा नाही. 'फॉर्म कॅपिटलमध्ये भरा' म्हणताना आपल्याला सगळी अक्षरे हवी असतात. 'वाक्याची सुरुवात कॅपिटलने करा' म्हणताना पहिलेच. बोलताना संदर्भाने भागते, कोडमध्ये नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत 'अपर' ही आज्ञा सगळी अक्षरे कॅपिटल करते, तर 'कॅपिटलाइझ' पहिले कॅपिटल करून बाकीची सगळी लहान करते. हे 'बाकीची लहान' फार महत्त्वाचे. रोमन लिपीत कॅपिटलमध्ये लिहिलेला 'डीएनए' त्यातून काढा: 'डी' कॅपिटल राहतो, 'एन' आणि 'ए' लहान होऊन बाहेर येतात. म्हणून 'सगळी अक्षरे कॅपिटल' किंवा 'फक्त पहिले अक्षर कॅपिटल' असे पूर्ण लिहावे. दोन शब्द वाढले तरी हरकत नाही.

प्रश्नात नसलेले, पण मला याहून जास्त खटकणारे क्रियापद म्हणजे 'बदलणे'. 'अपर मजकूर बदलते' असे वाचून नवशिका एका ओळीत 'अपर' लिहितो, पुढच्या ओळीत मजकूर छापतो आणि तो जसाच्या तसा दिसतो. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषांत मूळ स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, धक्काच लागत नाही. कॅपिटल अक्षरांची नवी स्ट्रिंग हाती येते आणि ती व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या जागेत, ठेवावी लागते. तेव्हा 'मजकुराचे कॅपिटल रूप मिळते' असे लिहावे. 'बदलते' हे क्रियापद रूबी या भाषेतल्या उद्गारचिन्ह लावलेल्या 'अपकेस'साठी राखून ठेवावे, कारण तिथे मूळ स्ट्रिंग खरोखरच बदलते.

'रूप' म्हटल्याने आणखी एक सोय होते: नवी स्ट्रिंग तेवढ्याच लांबीची असेल असे वाचक गृहीत धरत नाही. जर्मन 'श्ट्रासं', म्हणजे रस्ता, या शब्दात 'एस्त्सेट' नावाचे अक्षर आहे. पायथॉनमध्ये त्याचे कॅपिटल रूप घेतले की त्या एका अक्षराच्या जागी दोन 'एस' येतात आणि 6 अक्षरांचा शब्द 7 अक्षरांचा होतो. तुर्की भाषेत तर लहान 'आय'वरचा ठिपका कॅपिटलवरही कायम राहतो. त्यामुळे जावामध्ये संगणकाची भाषा तुर्की असेल तर साध्या इंग्रजी शब्दाचेही कॅपिटल रूप वेगळे येते; तिथे भाषा स्पष्ट सांगावी लागते.

आणि मराठी मजकुराला 'अपर' लावले तर? चूक दाखवली जात नाही, मजकूर आहे तसा परत येतो. मात्र पायथॉनमधली 'इझअपर' ही तपासणी 'मराठी' या शब्दाला 'नाही' म्हणते आणि 'इझलोअर'सुद्धा 'नाही'च म्हणते. नाव कॅपिटलमध्ये आहे का हे 'इझअपर'ने तपासणारा फॉर्म देवनागरीतले प्रत्येक नाव नाकारेल. त्याऐवजी मजकूर आणि त्याचे कॅपिटल रूप सारखे आहेत का ते पाहावे. मग देवनागरीतले नाव सहज पुढे जाते.