तिथं दादा म्हणजे बहीण

चिरंजीवास आशीर्वाद,

टांझानियातल्या साखर कारखान्याची नेमणुकीची ऑर्डर आली, मोरोगोरो भागात जायचंय, आणि तुझा पहिला प्रश्न काय, तर ऊन सोसवेल का. सांगलीच्या एप्रिलात चाळिशी बघितलेल्या पोरानं बत्तीस-तेहेतीस अंशांना काय भ्यायचं, असंही तुला वाटत असणार. गोम तिथंच आहे. परकं दिसेल त्याला तू जपूनच असशील. फसशील ते ओळखीचं वाटेल तिथं.

आपला उन्हाळा कोरडा. घाम वाळतो आणि अंग निवतं. तिकडच्या दमट हवेत, विशेषतः डिसेंबर ते मार्च, घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जातं, गारवा मिळत नाही. त्यात पॅन स्टेशनची, म्हणजे पाक उकळून साखरेचे दाणे करतात तिथली, वाफ. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली जवळ ठेव, तहानेची वाट बघू नकोस. पहिले दोन आठवडे मेहनत बेतानं वाढव. शरीराला हवा अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतातच.

तो भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळं हंगामही उलटा. गळीत जूनच्या आसपास सुरू होतं. मार्च ते मे हा मोठा पाऊस, त्याला ‘मसिका’ म्हणतात. शेतातून ऊस निघत नाही, तेव्हाच यंत्रांचं ओव्हरहॉलिंग चालतं. जॉइनिंगची तारीख मागता आली तर एप्रिलची माग. पॅन, ज्यूस हीटर, सेंट्रिफ्युगल उघडे असताना आठ दिवसांत जे दिसतं ते चालू हंगामात दिसत नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याच काळात रजा टाक. तू प्रोसेसचा, म्हणजे साखर बनवण्याच्या विभागातला, तेव्हा तुला मोकळीक असते, आणि गावची चैत्रातली जत्रा सापडण्याचीही शक्यता.

आता घड्याळ. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे एक वाजता, पण तो आपला सकाळी सातचा. ‘सा म्बिली’ म्हणजे दोन, आपले आठ. संध्याकाळी सातला पुन्हा एकपासून मोजणी. गणित करत बसू नकोस: काट्यांचं घड्याळ घाल आणि तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाच. इंग्रजीत बोलताना तोच माणूस आपल्यासारखी वेळ सांगतो. म्हणून शिफ्ट ठरवताना ‘सकाळी की रात्री’ आणि ‘कुठल्या घड्याळानं’ हे दोन्ही विचारायचं. दुपारी दोनला हजर झालास तर शिफ्ट संपत आलेली असेल.

भाषा सोपी वाटेल. ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘सुकारी’ म्हणजे साखर. पण ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे भाऊ. मिस्त्रीला लाडानं दादा म्हणालास तर अख्खं बॉयलिंग हाउस हसेल. वयस्क माणसाला ‘शिकामो’ म्हणायचं, तो ‘मराहाबा’ म्हणेल. त्यानंतर घरच्यांची, तब्येतीची विचारपूस, आणि मग काम. आपल्याकडं पाटलाच्या पडवीत बसल्यावर लगेच कामाचं बोलत नाहीत, तसंच. कुणी ‘पोले’ म्हणालं तर तो माफी मागत नाही, तुझ्या त्रासाबद्दल हळहळतोय.

जेवणाची काळजी नको. ‘उंगा वा म्तामा’ माग, ते ज्वारीचं पीठ. तिथं ते बहुधा पेजेसाठी घेतात, त्यामुळं जुनं असण्याचा संभव. विरी गेलेलं पीठ थापताना कडा फाटते. थोडंच घ्यायचं आणि उकळत्या पाण्यात उकड काढून मळायचं. तूर म्हणजे ‘म्बाझी’, मूग ‘चोरोको’, शेंगदाणे ‘करांगा’. तूर तर तिथून आपल्याकडं येते. कांदा-लसूण चटणी घरनं ने, पण डब्यात. 1 जून 2019 पासून तिथं प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे, बाहेरून येणाऱ्यालाही.

आता कृष्णेत पोहायला शिकलेल्या पोरासाठी. उसाच्या पाटात, कालव्यात, नदीत उतरायचं नाही. मगरी आपल्याही नदीत आहेत, पाणघोडे मात्र नाहीत. रात्री ते चरायला उसातसुद्धा शिरतात. पण खरं भय डोळ्यांना न दिसणारं. ‘किचोचो’ नावाच्या रोगाचे सूक्ष्म जंतू पाण्यातल्या गोगलगायींतून सुटतात आणि धडधाकट कातडीतून आत शिरतात. गुडघाभर पाणीही पुरे.

मलेरिया आपल्याकडं असतो, म्हणून हलक्यात घेऊ नकोस. तिथं प्रामुख्यानं फाल्सिपेरम, मलेरियाची सगळ्यात घातक जात. एक-दोन दिवसांत मेंदू-मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून झोप, प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना जायच्या आधीच विचार. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपास. तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुट्टीवर येऊन ताप आला तर मिरजेच्या डॉक्टरला पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हेच सांगायचं, नाहीतर डेंग्यू-व्हायरलमध्ये दोन दिवस जातील. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल तर यलो फीव्हरची लसही लागू शकते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं, म्हणून तिकिटाआधी लस.

इस्त्री ने. हसू नकोस. दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते. कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि गळू उठतं; त्याच्या मधोमध बारीक भोक दिसतं. पिळू नकोस, अळी आत फुटली तर पिकतं. भोकावर व्हॅसलीनचा जाड थर दिला की श्वासासाठी ती वर येते, तेव्हा चिमट्यानं धरायची. त्यापेक्षा बनियन, चड्डी, चादर सगळं गरम इस्त्रीनं दोन्ही बाजूंनी दाबून काढ, शिवणी आणि इलॅस्टिक जास्तच. प्लग तिथं तीन चौकोनी पिनांचा असतो, ॲडॉप्टर घे.

टांझानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं. तिथले साडेसात म्हणजे इथले रात्रीचे दहा, आणि तोवर आई झोपलेली असते. फोन संध्याकाळी सहाला लाव. त्यांच्या मोजणीनं बाराला.