रोजची भाकर रोजच

बाळ, पहिल्याच आठवड्यात तासभर प्रार्थनेला बसायचा हट्ट धरू नकोस. दहा मिनिटं पुरेत, पण ती रोजची हवीत. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16वा अध्याय वाच. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळत होता तो त्या दिवसापुरताच. सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट मिळे. रविवारच्या उपासनेवर आठवडा काढता येत नाही, हे मला त्या अध्यायानं शिकवलं.

सुरुवात बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतून कर. 23वं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे. मोठ्यानं, सावकाश वाच. एखादी ओळ मनाला लागली की तिथंच थांब, पुढं जायची घाई नको. मग येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हण, आणि ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना त्या दिवसाची खरी गरज नाव घेऊन सांग: फी, आईचं दुखणं, जे असेल ते.

मन कोरडं पडेल, शब्द सुचणार नाहीत. माझे असे कित्येक महिने गेलेत. तेव्हा 13वं स्तोत्र उघड. ‘कुठवर?’ असं देवाला विचारणं हीही प्रार्थनाच आहे. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, हे मी कळकळीनं सांगते.