'शिस्त'चा विरुद्धार्थी शब्द 'अशिस्त' का नाही?

प्रश्न तिहेरी आहे. 'डिसिप्लिन'साठी मराठीत 'शिस्त'खेरीज कोणते शब्द आहेत? 'अनुशासन' वापरलं तर चालेल का? आणि विरुद्धार्थी शब्द 'बेशिस्त' की 'अशिस्त'?

तिसऱ्याचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. 'बेशिस्त'. 'अशिस्त' मराठीत रुळलेला नाही आणि कानालाही खटकतो. 'शिस्त' संस्कृत नाही, फारसीतून आलेला आहे, आणि अशा शब्दांचा नकार आपण बहुधा फारसी उपसर्गांनीच करतो: बेइमान, बेफिकीर, गैरहजर, नापसंत. 'बे'ने पुढे हद्द ओलांडून फारसी नसलेल्या शब्दांपासून बेताल, बेसूर, बेभान असे शब्दही घडवले, पण संस्कृत 'अ' सहसा फारसी शब्दांच्या वाटेला जात नाही. 'अशिस्त' लिहिणाऱ्यांच्या मनात बहुधा 'अशिष्ट' असतो. तो शब्द बरोबर आहे, पण त्याचा अर्थ असभ्य, ग्राम्य. रांग मोडून पुढे घुसणारा बेशिस्त. रांगेत नीट उभा राहून शिव्या देणारा अशिष्ट.

या घोटाळ्याचं मूळ म्हणजे 'शिस्त' आणि 'शिष्ट' ही भावंडं आहेत असा समज. 'शिष्ट' संस्कृत 'शास्' धातूपासून आला. शिष्य, शास्त्र, शासन, अनुशासन ही सगळी त्याच घरातली मंडळी. 'शिस्त'चं घर वेगळं. फारसी 'शस्त' म्हणजे अंगठा. धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायचं कडंही शस्तच, आणि पुढे नेम. उर्दूत आजही 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणं. नेम धरताना डोळा आणि लक्ष्य एका सरळ रेषेत यावं लागतं. ती रेषा मराठीत आधी ओळीतल्या आणि मग वागण्यातल्या सरळपणाची झाली. हा अर्थ गुजरातीतल्या 'शिस्त'ला आणि कन्नडमधल्या 'शिस्तु'लाही आहे. हिंदीत मात्र तिथे 'अनुशासन' बसलं आहे.

गंमत म्हणजे आपल्या 'नेम' या शब्दातही हीच दोन टोकं शेजारी नांदतात. नेमबाजाचा नेम एक आणि 'रोज नेमाने फिरायला जातो' यातला, नियमाच्या अर्थाचा नेम दुसरा. 'नेमाने' हा 'शिस्तीने'चा एक सुरेख पर्याय आहे, विशेषतः सवयीबद्दल बोलायचं असेल तेव्हा. आणि 'त्याचा काही नेम नाही' हे बेशिस्त माणसाचं एका ओळीतलं वर्णन.

आता 'अनुशासन'. शब्द शुद्ध आहे, पण त्याचा जुना अर्थ शिकवण, विवरण असा. 'अथ शब्दानुशासनम्' या शब्दांनी पतंजलीचं व्याकरणावरचं महाभाष्य सुरू होतं आणि 'अथ योगानुशासनम्' हे योगसूत्रांतलं पहिलं सूत्र. दोन्हीकडे छडीचा संबंध नाही. महाभारतातलं तेरावं पर्व म्हणजे अनुशासनपर्व, तेही भीष्माने युधिष्ठिराला केलेल्या उपदेशाचं. १९७५च्या आणीबाणीत 'अनुशासनपर्व' हा शब्द विनोबांच्या नावाने गाजला, तेव्हा शासन सत्तेचं असतं आणि अनुशासन आचार्यांचं, असा फरक त्यांनी केला होता. आजच्या मराठीत 'अनुशासन' समजतं, भाषणात खपतं, पण 'मुलांना अनुशासन लावा' असं कुणी म्हणत नाही. 'अनुशासनात्मक कारवाई' तर सरळ हिंदीवरून उचललेली. मराठीत ती 'शिस्तभंगाची कारवाई', आणि कार्यालयीन भाषेत 'शिस्तभंगविषयक कारवाई'. संबंधित नियमांचं नावही 'महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९' असंच आहे.

'डिसिप्लिन' या इंग्रजी शब्दाच्या क्रियापदात शिक्षेचा अर्थ येतो, तो 'शिस्त लावणे'मध्ये पुरता येत नाही. शिस्त लावणं म्हणजे सवय घडवणं. 'कर्मचाऱ्याला शिस्त लावण्यात आली' असं भाषांतर वाचून त्याची वेतनवाढ रोखली हे कुणाला कळणार? तिथे 'शिक्षा केली' किंवा 'कारवाई केली' असंच लिहावं. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ 'डिसिपुलुस', म्हणजे शिकणारा, शिष्य. शिकवण्यातून धाकाकडे हा प्रवास आपल्या शब्दांनीही केला आहे: वेदांगांतली 'शिक्षा' उच्चारांचं शास्त्र होती, हिंदीत ती शिक्षण झाली आणि मराठीत दंड. 'शासन करणे' म्हणजेही शिकवणं, राज्य करणं आणि शिक्षा करणं.

जवळच्या शब्दांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'वळण'. शिस्त सरळ रेषेतून आलेली, वळण वाकण्यातून. पण वाढवलेल्या मुलाबद्दल दोन्ही शब्द चालतात. फरक असा की शिस्त बाहेरून लावता येते आणि देखरेख हटली की सुटूही शकते. वळण लहानपणी लागतं आणि अंगात मुरतं. म्हणून अक्षराला वळण असतं, शिस्त नसते. रांगेला शिस्त असते, वळण असलं तर ती रांग वाकडी. बाकीचे शब्द एकेका छटेपुरते: वेळेबाबत वक्तशीरपणा, वस्तूंबाबत टापटीप, मापाबाबत काटेकोरपणा, मनाबाबत संयम किंवा निग्रह, वरिष्ठांबाबत आज्ञापालन. 'धाक' आणि 'जरब' हे समानार्थी नाहीत, ती शिस्त आणण्याची साधनं आहेत. 'विनय'चा जुना अर्थ मात्र थेट शिस्त हाच. बौद्ध भिक्षूंचे आचारनियम विनयपिटकात आहेत. आता विनय म्हणजे नम्रता, त्यामुळे पर्याय म्हणून तो वापरला तर वाचक चुकेल.

विरुद्धार्थी शब्द निवडताना नेमकं काय सुटलं ते बघावं. रांग मोडली तर विस्कळीतपणा. लगाम सुटला तर बेलगाम, साखळी तुटली तर उच्छृंखल (यात 'शृंखला' आहे), दावं सुटलं तर मोकाट. सातत्य गेलं तर धरसोड, टापटीप गेली तर गबाळेपणा, कामातली पकड गेली तर ढिसाळपणा, हलगर्जी. कारभाराचाच ताबा सुटला तर अनागोंदी किंवा बेबंदशाही. एका माणसाच्या उशिरा येण्याला हे शब्द लावले तर हसू येतं. 'स्वैराचार' निंदेचा शब्द आहे, पण नुसता 'स्वैर' नाही: स्वैर अनुवाद करणाऱ्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही.

परीक्षेत मात्र शब्दाची जात जुळवावी. 'बेशिस्त' नामही आहे ('वाढती बेशिस्त') आणि विशेषणही ('बेशिस्त वाहनचालक'), म्हणून 'शिस्त × बेशिस्त' आणि 'शिस्तबद्ध × बेशिस्त' दोन्ही जोड्या बरोबर. 'बेशिस्तपणा' अनावश्यक असला तरी चूक नाही. 'शिस्तप्रिय'चा उलट अर्थ 'बेशिस्त' देऊ नये. शिस्तप्रिय म्हणजे शिस्त आवडणारा, आणि बहुतेकदा ती इतरांनी पाळलेली. रोज उशिरा येणारा साहेबही शिस्तप्रिय असू शकतो. पद्धतशीर काम करणाऱ्यासाठी 'शिस्तशीर' असा छान शब्द आहे, तो उगाच मागे पडला.

लेखनात 'शि' ऱ्हस्व. 'शिस्तबद्ध'मध्ये आधी द, मग ध, 'शिस्तबध्द' चूक. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन वापरात नाही, सामान्यरूप 'शिस्ती': शिस्तीचा, शिस्तीने. शिस्त लावतात, लागते, पाळतात, मोडतात, अंगी बाणवतात, 'करत' नाहीत. बोलण्यात 'शिस्तीत' हे क्रियाविशेषण आणखी सैल झालं आहे: 'शिस्तीत काम झालं' म्हणजे बिनबोभाट, व्यवस्थित, 'शिस्तीत जा' म्हणजे सावकाश, जपून. 'शिस्तीत राहा' ही मात्र धमकी.

एका ठिकाणी 'शिस्त' अजिबात चालत नाही. भौतिकशास्त्र, इतिहास, भाषाविज्ञान अशा अभ्यासाच्या शाखांना इंग्रजीत 'डिसिप्लिन' हाच शब्द लावतात. मराठीत त्या 'ज्ञानशाखा' किंवा 'विद्याशाखा', आणि त्यांच्या सीमा ओलांडणारं संशोधन 'आंतरविद्याशाखीय'. विद्यापीठाच्या कामकाजात 'विद्याशाखा' म्हणजे अधिष्ठात्याच्या (डीनच्या) हाताखालचा मोठा विभागही असतो, म्हणून गोंधळ टाळायचा तर 'ज्ञानशाखा' बरा. खेळांत तोच शब्द आला तर 'क्रीडाप्रकार'. 'तिने तीन शिस्तींत पदकं मिळवली' हे यंत्राने केलेलं भाषांतर.